नाकातला स्टिरॉइड स्प्रे आणि ॲलर्जी: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात माझं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक यंत्रमागावरचे कामगार, विडी वळणाऱ्या बायका आणि बाजाराला आलेली गावाकडची मंडळी. सुताची धूळ, तंबाखू आणि वर्षातला बराच काळ कोरडी हवा, त्यामुळे नाकाच्या तक्रारींना तोटा नाही. स्टिरॉइडचा नाकात मारायचा स्प्रे आता घरोघरी पोचलाय आणि त्याच्याबरोबर ‘हा मला सोसत नाही’ ही तक्रारही. असं म्हणणाऱ्या बहुतेकांना ॲलर्जी नसते. थोड्यांना मात्र ती खरोखरच असते, आणि तीच ओळखायला सगळ्यात जास्त उशीर होतो, कारण ती हुबेहूब जुन्या सर्दीसारखी दिसते. निदान डॉक्टरांनीच करायचं. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं काय सांगायचं, हे या उत्तरांवरून कळावं अशी माझी इच्छा आहे.

आधी हे सांगा, जिवाला धोका आहे हे कशावरून ओळखायचं?

स्प्रे मारल्यावर काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत अंगभर गांधी उठल्या, ओठ, जीभ किंवा पापण्या सुजल्या, घसा आवळल्यासारखा झाला, आवाज घोगरा झाला, धाप लागली, छातीत सूं-सूं वाजायला लागलं, किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर एक मिनिट घालवू नका. १०८ ला फोन करा. गाडी लगेच मिळत असेल तर सिव्हिल किंवा जवळचं, तातडीचे पेशंट घेणारं रुग्णालय गाठा. माणसाला आडवं झोपवा आणि पाय थोडे उंच ठेवा. धाप लागली असेल तर टेकून बसू द्या. उठवून चालवू नका.

या वेळी खरं औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिन. सेट्रिझिनची गोळी देऊन ‘बघू अर्धा तास’ म्हणणं धोक्याचं आहे. त्या गोळीने खाज कमी होते, पण घशाची सूज आणि उतरलेलं ब्लडप्रेशर तिला आवरत नाही. परदेशात घरात ठेवायला ॲड्रेनॅलिनची तयार पेनं असतात, आपल्याकडे ती सहज मिळत नाहीत, म्हणून रुग्णालय गाठणं हाच मार्ग.

नाकातल्या स्प्रेने असं होणं फार दुर्मीळ आहे. स्टिरॉइडच्या अशा तात्काळ प्रतिक्रियांच्या नोंदी बहुतांशी इंजेक्शनच्या आहेत. पण एकदा झालं, तर तो स्प्रे पुन्हा ‘थोडासा मारून’ पाहायचा नाही.

स्प्रे मारला की नाकात आग होते, शिंका येतात. ही ॲलर्जीच ना?

बहुधा नाही. सुजलेल्या, सोललेल्या नाकात काहीही गेलं तरी झोंबतं. ही आग पाच-दहा मिनिटांत शमते आणि नाकाची सूज उतरली की आपोआप कमी होते. काही स्प्रेंमध्ये फिनाइल इथाइल अल्कोहोल असतं. त्याला फुलासारखा वास येतो आणि तो वास काहींना नकोसा होतो. फ्लुटिकासोन या स्टिरॉइडबरोबर ॲझेलास्टिन हे ॲलर्जीविरोधी औषध असलेला स्प्रे घशात उतरला की कडू लागतो, थोडी झोपही येते. हे सगळं त्रासदायक आहे, पण ॲलर्जी नाही.

शंका कधी घ्यायची? दर वेळी आग कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालली, आणि तिच्याबरोबर खाज असली तर. जळजळ एकटी असली तर ती बहुधा चिडचिडीची असते. खाज हे ॲलर्जीचं जुनं लक्षण आहे.

स्प्रे सुरू केल्यापासून घोळणा फुटतो. उष्णता झाली का?

उष्णतेची औषधं घेऊन स्प्रे तसाच चालू ठेवणारे खूप भेटतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी असते आणि नाकाची आतली त्वचा तडकते, हे खरं आहे. पण स्प्रे वापरणाऱ्यांत घोळणा फुटण्याचं मोठं कारण बाटली धरण्याची पद्धत असते. नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे रोखली जाते, रोज एकाच जागी फवारा बसतो, आणि ती जागा सोलवटते.

म्हणून डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने. हात असा आडवा आला की नळी आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळते. मान मागे टाकू नका, थोडी पुढे झुकवा. बाटली आधी हलवा. नवी असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर बारीक धुकं येईपर्यंत हवेत दाबत राहा. फवारल्यावर जोरात ओढू नका, नाहीतर औषध नाकात राहायच्या ऐवजी घशात जातं. कोरडेपणासाठी आधी मिठाच्या पाण्याचा तयार स्प्रे मारला तर फरक पडतो.

रक्त आलं तर पुढे झुकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं सलग चिमटीत धरा. मधेमधे सोडून पाहू नका. वारंवार येत असेल तर स्प्रे थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, पडदा तपासून घ्या.

मग खरी ॲलर्जी दिसते कशी?

स्टिरॉइड स्प्रेची खरी ॲलर्जी बहुतेक वेळा उशिराने उमटणारी असते. ही ॲलर्जी रक्तातल्या पांढऱ्या पेशींमार्फत होते, म्हणून फवारल्या-फवारल्या काही होत नाही. एक ते तीन दिवसांत हळूहळू जोर धरते. तिचा मार्ग साधारण असा असतो.

सुरुवातीचे काही आठवडे स्प्रेने बरं वाटतं. मग नाक पुन्हा चोंदायला लागतं. माणसाला वाटतं, आजार बळावला, म्हणून एकाचे दोन फवारे होतात. चोंदणं आणखी वाढतं. नाकपुडीच्या कडा लाल होतात, खाजतात, ओलसर होऊन त्यावर खपल्या धरतात. रुमालाने पुसून-पुसून झालं असेल अशी समजूत होते. पुढे वरच्या ओठावर पुरळ येते, तिथून गालांवर, कधी पापण्यांवर. काहींच्या अंगावर पूर्वी कधी इसब झालेलं असेल, तर त्या जुन्या जागाही पुन्हा चिडतात.

फसवणूक इथेच होते. नाक चोंदणं आणि खाज ही लक्षणं मूळ सर्दीचीही आहेत. त्यातच स्टिरॉइड स्वतः दाह दाबणारं औषध, त्यामुळे ॲलर्जी अर्धवट झाकली जाते आणि महिनोनमहिने धुमसत राहते. म्हणून पूर्वी चांगला लागू पडणारा स्प्रे उलटा वागायला लागला, तर फवारे वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

सगळ्यात पक्का धागा हा: स्प्रे थांबवल्यावर आठ-पंधरा दिवसांत पुरळ ओसरली आणि पुन्हा सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत तशीच परतली. कधी थांबवला, कधी सुरू केला, कधी पुरळ आली, या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो.

ॲलर्जी घालवणाऱ्या औषधाचीच ॲलर्जी कशी होईल?

हा प्रश्न रास्त आहे. डॉक्टरांनाही एकेकाळी हे पटायला जड गेलं होतं. हायड्रोकॉर्टिसोनची मलमं १९५०च्या दशकात वापरात आली आणि त्याच दशकाच्या शेवटी, १९५९ मध्ये, त्याची ॲलर्जी झालेला पेशंट वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. २००५ साली अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगाच्या डॉक्टरांच्या संघटनेने कॉर्टिकोस्टिरॉइडना, म्हणजे याच स्टिरॉइडना, ‘वर्षाचा ॲलर्जन’ (ॲलर्जी करणारा पदार्थ) ठरवलं, तेव्हा कुठे या विषयाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

स्टिरॉइडचा रेणू इतका लहान असतो की शरीर एकट्या त्याची दखल घेत नाही. पण तो मोडताना जे तुकडे तयार होतात ते आपल्याच प्रथिनांना चिकटतात, आणि ही चिकटलेली जोडी शरीराला परकी वाटते, असं मानलं जातं. दाह दाबणं हे औषधाचं काम वेगळं आणि त्याचा आकार ओळखून चिडणं हे शरीराचं काम वेगळं. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

पॅच टेस्टला, म्हणजे पाठीवर पट्ट्या लावून करायच्या ॲलर्जीच्या चाचणीला, येणाऱ्या लोकांमध्ये साधारण ०.५ ते ५ टक्के जणांना कुठल्या तरी स्टिरॉइडची ॲलर्जी सापडते. हे आकडे आधीच त्वचेची तक्रार घेऊन आलेल्यांचे आहेत. स्प्रे वापरणाऱ्या सगळ्या लोकांत प्रमाण यापेक्षा खूप कमी असणार.

मी वर्षभर हाच स्प्रे वापरतोय. आताच कशी होईल?

होऊ शकते. या प्रकारच्या ॲलर्जीसाठी शरीराची आधी त्या औषधाशी ओळख व्हावी लागते. ती दोन आठवड्यांत होते, कुणाला कित्येक वर्षं लागतात. एकदा झाली की ती सहसा जन्मभर राहते. त्यामुळे ‘इतके दिवस काही झालं नाही’ हा पुरावा नाही.

ॲलर्जी औषधाची असते की बाटलीतल्या दुसऱ्या कशाची?

दोन्ही शक्यता असतात, आणि दुसरी शोधायची बहुतेक जण विसरतात. नाकाच्या स्प्रेमध्ये औषध अगदी थोडं असतं. मोमेटासोनच्या एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम, फ्लुटिकासोन फ्युरोएटच्या एका फवाऱ्यात २७.५ मायक्रोग्रॅम. बाकी पाणी, औषध तरंगत ठेवणारे पदार्थ आणि बाटली खराब होऊ नये म्हणून घातलेलं परिरक्षक.

त्यातलं सर्वांत वापरातलं परिरक्षक बेंझाल्कोनियम क्लोराइड. डोळ्यांच्या अनेक थेंबांतही तेच असतं. त्याने नाक चिडतं, काहींना त्याची खरी ॲलर्जीही होते. म्हणून मी गिऱ्हाइकाला आवर्जून विचारतो, ‘डोळ्यांत थेंब टाकल्यावर कधी पापण्या सुजल्या होत्या का?’ होकार आला की संशय औषधावरून परिरक्षकावर जातो. काही कंपन्या त्याऐवजी पोटॅशियम सॉर्बेट वापरतात. शिवाय पॉलिसॉर्बेट ८०, एडिटेट, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज हेही असतात. शेवटचा पदार्थ क्वचित तात्काळ ॲलर्जीलाही कारण ठरतो. त्याच्या नोंदी मुख्यतः ट्रायॲमसिनोलोनच्या इंजेक्शनच्या आहेत.

एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या बाटल्यांत हे घटक वेगळे असू शकतात. ‘त्या कंपनीचा मानवला, या कंपनीचा नाही’ असं कुणी सांगितलं तर मी ते मनाचे खेळ समजत नाही. खोका आणि आतलं माहितीपत्रक टाकू नका. डॉक्टरांकडे जाताना रिकामी बाटली असली तरी ती घेऊन जा.

गजकर्णाच्या मलमाचा याच्याशी काय संबंध?

माझ्या मते आपल्या भागात या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो कुणी विचारत नाही.

उन्हाळ्यात मागाच्या शेडमध्ये घाम, त्यावर घट्ट कपडे, त्यामुळे जांघेत आणि कंबरेला गजकर्ण होतं. त्यावर तीन-चार औषधं एकत्र केलेली मलमं लावली जातात. त्यात बुरशीचं औषध, जंतूचं औषध आणि जोडीला क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं तीव्र स्टिरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ट्यूब संपली की दुसरी येते. लग्नाआधी मुली ‘गोरं होण्याचं क्रीम’ म्हणून जे लावतात, त्यातल्या काहींत मोमेटासोन असतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध मोहीम चालवली, आणि २०१८ मध्ये मलमांतली अनेक स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी नातेवाइकाची अर्धी ट्यूब घरात फिरत राहतेच.

त्वचा हे ॲलर्जी शिकण्याचं शरीराचं मुख्य ठिकाण आहे. तडकलेल्या, खाजवलेल्या त्वचेवर महिनोनमहिने स्टिरॉइड चोळलं तर शरीराची त्याच्याशी ओळख होऊ शकते. पुढे तेच किंवा त्याच्या जवळचं औषध नाकात गेलं की प्रतिक्रिया उमटते, आणि नवा स्प्रे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सोसेनासा होतो. या मलमांत निओमायसिन आणि क्लोरोक्रेसॉलही असतं. ती स्वतंत्रपणे ॲलर्जी करणारी म्हणून ओळखली जातात, त्यामुळे चाचणीत तीही बघावी लागतात.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुटिकासोन यांच्या घराण्याची ॲलर्जी तुलनेने कमी होते. हायड्रोकॉर्टिसोन आणि ब्युडेसोनाइडची जास्त. पण कुठलं मलम किती दिवस लावलं हे डॉक्टरांना सांगायची लाज वाटू देऊ नका. गोरं होण्याच्या क्रीमबद्दल तर विशेषतः. ते लपवलं की निदान वर्षभर लांबतं.

चेहऱ्यावर पुरळ आहे. ती स्प्रेची की गाजरगवताची?

गाजरगवताची भारतात पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली, आणि आता होटगीपासून बार्शीपर्यंत एकही मोकळा प्लॉट त्याच्याशिवाय दिसत नाही. त्याचे सुकलेले कण हवेतून अंगावर बसतात आणि चिवट इसब होतं.

फरक जागेवरून कळतो. गाजरगवताची पुरळ उघड्या अंगावर येते: पापण्या, मान, कानामागे, कोपराचा आणि गुडघ्याचा खळगा. शेतात, बांधावर गेलं की वाढते, पावसाळ्यानंतर जोर करते. स्प्रेची पुरळ नाकपुड्यांच्या कडेपासून सुरू होते आणि तिथेच सर्वांत गडद असते. मात्र शेतकऱ्याला दोन्ही एकाच वेळी असू शकतात. गाजरगवताच्या इसबासाठी लावलेल्या स्टिरॉइड मलमाचीच पुढे ॲलर्जी झाली, असाही प्रकार घडतो. औषध लावूनही इसब हटत नसेल तर औषधावरही संशय घ्यावा, ही त्वचारोगाची जुनी रीत आहे.

नाक लगेच मोकळं करणारा स्प्रे मला चालतो, हाच चालत नाही. असं का?

नावं नीट बघा. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब आणि स्प्रे स्टिरॉइड नसतात. ते रक्तवाहिन्या आकसून पाच मिनिटांत नाक मोकळं करतात. तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले की नाक त्यांच्याशिवाय उघडत नाही आणि सतत चोंदलेलं राहतं. असा माणूस मग स्टिरॉइड स्प्रे सुरू करतो, त्याला पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, आणि मधल्या काळात ‘याने नाक अजून बंद झालं’ म्हणून तो टाकून देतो. दोष स्टिरॉइडवर येतो. दोन्ही बाटल्या डॉक्टरांना दाखवा.

मागावर किंवा विडीच्या कामावर असताना स्प्रे जास्त त्रास देतो का?

सुताची धूळ आणि तंबाखूची भुकटी नाक स्वतःच चिडवतात. दिवसभर ती भुकटी बसलेल्या नाकात फवारा मारला की झोंबणारच. कामावरून आल्यावर आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा आणि मग स्प्रे मारा. धुवायला उकळून गार केलेलं पाणी घ्या, बोअरचं किंवा नळाचं तसंच नको. सुट्टीच्या दिवशी, गड्ड्याच्या यात्रेला दोन-चार दिवस माग बंद असताना त्रास कमी होतो का, हे पाहून ठेवा. कमी होत असेल आणि स्प्रे मात्र रोज चालूच असेल, तर बोट धुळीकडे जातं.

चाचणी कशी करतात? रक्त तपासून कळत नाही का?

उशिराने होणाऱ्या ॲलर्जीचं निदान रक्तातून होत नाही. शंभर-दोनशे वस्तूंची ‘ॲलर्जी प्रोफाइल’ करून पैसे घालवू नका. त्यात दिसतात ती धुळीची, परागांची, खाण्याची तात्काळ ॲलर्जीची चिन्हं. हातावर सुईने टोचून करतात ती प्रिक टेस्टही तात्काळ प्रकारासाठीच आहे.

इथे लागते ती पॅच टेस्ट, आणि ती त्वचारोगतज्ज्ञ करतात. पाठीवर छोट्या पट्ट्यांखाली संशयित पदार्थ लावतात. सोमवारी लावल्या तर बुधवारी काढतात, शुक्रवारी पुन्हा पाहतात. स्टिरॉइडच्या बाबतीत एवढ्यावर थांबू नये. पुढच्या सोमवारी, म्हणजे सातव्या दिवशीही पाठ दाखवावी लागते, कारण स्टिरॉइड आपल्याच प्रतिक्रियेला सुरुवातीचे काही दिवस दाबून धरतं. कधी पट्टीच्या मधोमध त्वचा कोरी आणि कडेने लाल कडं दिसतं. मधे औषध जास्त, तिथे दाह दबलेला. कडेला कमी, तिथे ॲलर्जी उघडी.

वेळ ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा. त्यांच्या चाचणीच्या संचात ब्युडेसोनाइड आणि टिक्सोकॉर्टोल पिव्हॅलेट ही दोन स्टिरॉइडं आहेत का? स्टिरॉइडची बहुतेक ॲलर्जी या दोघांनी पकडली जाते. नसतील तर मोठ्या केंद्रात जावं लागेल. आणि तुमचा स्वतःचा स्प्रेही लावून पाहतील का? त्यात औषध विरळ असतं म्हणून निकाल चुकीने नकारात्मक येऊ शकतो, परिरक्षकाने नुसती चिडचीड होऊन चुकीने सकारात्मकही. तरीही तो लावावा.

आपल्याकडची खरी अडचण घाम आहे. डॉक्टर सांगतील तितके दिवस पाठ ओली करायची नाही, जड काम करायचं नाही. मे महिन्यात मागाच्या शेडमध्ये पट्ट्या टिकत नाहीत. घाई नसेल तर डिसेंबर-जानेवारीत करा आणि कामावरून सुट्टी घ्या. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा पाठीवर मलम लावत असाल तर आधी सांगा. सेट्रिझिनसारख्या गोळ्यांनी पॅच टेस्ट बिघडत नाही, प्रिक टेस्ट मात्र बिघडते.

घरीच हातावर लावून पाहू का?

तात्काळ गांधी, सूज किंवा धाप झाली असेल तर अजिबात नाही. फक्त पुरळ असेल तर डॉक्टर कधी कधी हाताच्या आतल्या बाजूला एकाच जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावायला सांगतात. ते त्यांना विचारूनच करा. आणि काही उमटलं नाही म्हणजे ॲलर्जी नाही, असं ठरवू नका.

ब्युडेसोनाइड सोसलं नाही. दुसरं स्टिरॉइड चालेल का?

बहुधा चालेल, पण निवडून. १९८९ मध्ये संशोधकांनी स्टिरॉइडची रेणूच्या ठेवणीवरून चार गटांत विभागणी केली. २०११ मध्ये तिची फेरमांडणी होऊन तीन गट सुचवले गेले. मुद्दा असा की सारख्या ठेवणीची औषधं एकमेकांच्या जागी प्रतिक्रिया देतात.

ब्युडेसोनाइड यात सगळ्यात गुंतागुंतीचं आहे. ते एकाच रेणूच्या, एका जागी ठेवण वेगळी असलेल्या दोन रूपांचं मिश्रण आहे. एक रूप ट्रायॲमसिनोलोनच्या कुळाशी जुळतं, दुसरं हायड्रोकॉर्टिसोन ब्युटिरेटसारख्यांशी. म्हणून ब्युडेसोनाइडची ॲलर्जी असलेल्याला हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रेडनिसोलोनही जपून द्यावं लागतं. अशांना मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन बहुतेकदा मानवतं, कारण त्यांची ठेवण वेगळी. तरी हा बदल चाचणीनंतर डॉक्टरांनी करायचा. दुकानात येऊन ‘दुसरा कुठला तरी द्या’ म्हणू नका. मी देणार नाही, आणि दुसऱ्या दुकानदारानेही देऊ नये.

मग सगळीच स्टिरॉइडं बंद करायची का? मला दमाही आहे.

स्वतःहून इनहेलर बंद करू नका. हे मी हात जोडून सांगतो. नाकाच्या बाटलीने पुरळ आली म्हणून दम्याचा पंप सोडला आणि आठवड्याने अटॅक येऊन ॲडमिट व्हावं लागलं, हा धोका पुरळीपेक्षा कितीतरी मोठा आहे. पंपात आणि स्प्रेमध्ये तेच औषध आहे का ते बघा, आणि असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ते पंप बदलतील, तुम्ही बंद करायचा नाही.

ज्यांना कातडीवरची ॲलर्जी आहे त्यांना त्याच गटाची गोळी किंवा इंजेक्शन दिल्यावर कधी अंगभर पुरळ येते. म्हणून नेमकं नाव माहीत असणं गरजेचं आहे. फाईलवर नुसतं ‘स्टिरॉइडची ॲलर्जी’ लिहिलेलं असेल, तर रात्री दोन वाजता दम्याच्या अटॅकमध्ये ड्यूटीवरचा डॉक्टर कचरतो, आणि त्या वेळी स्टिरॉइडच जीव वाचवणारं औषध असतं.

बाळाला नेब्युलायझरने ब्युडेसोनाइड देतो. त्याच्या गालावर लाल चट्टे येतात.

मास्कखाली औषधाचं धुकं साचतं. प्रत्येक वेळी झाल्यावर तोंड पुसा, बाळाला चूळ भरता येत नसेल तर पाणी पाजा, मास्क घट्ट बसतोय का ते पाहा. बहुतेक चट्टे एवढ्याने जातात. नाही गेले, खाजायला लागले, पापण्यांवर आले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. धुकं हवेत पसरतं, त्यामुळे क्वचित नेब्युलायझर धरणाऱ्या आईच्या किंवा नर्सच्या चेहऱ्यावरही ॲलर्जी उमटल्याच्या नोंदी आहेत. बाळाला काही नाही आणि आईचाच चेहरा खाजतोय, तर तेही डॉक्टरांना सांगा.

स्प्रे बंद केल्यावर नाकासाठी काय घ्यायचं?

पुरळ आठ-पंधरा दिवसांत, फार तर तीन आठवड्यांत ओसरते. तोवर मिठाच्या पाण्याचा स्प्रे, लेव्होसेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिनसारखी गोळी, आणि स्टिरॉइड नसलेला नुसता ॲझेलास्टिनचा स्प्रे असे पर्याय डॉक्टर देऊ शकतात. परिरक्षकाचा संशय असेल तर ॲझेलास्टिनच्या बाटलीवरचे घटकही वाचा. माँटेलुकास्ट ही ॲलर्जी-दम्याची गोळी स्वतःहून सुरू करू नका. तिने झोप, मूड आणि वागणूक बिघडू शकते, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये दिला आहे. पुरळीवर घरातलं जुनं स्टिरॉइड मलम लावू नका, ते त्याच घराण्यातलं निघू शकतं.

बाटली कुठे ठेवायची?

तीस अंशांखाली, सावलीत. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत दिवसभर राहिलेली बाटली वापरू नका. फ्रीजरमध्येही ठेवू नका. एकाची बाटली दुसऱ्याने वापरायची नाही, सख्ख्या भावाने सुद्धा.

निदान झालं. आता फाईलमध्ये काय लिहून घ्यायचं?

औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नाही. कुठल्या प्रकारची प्रतिक्रिया: तात्काळ की उशिराची. किती वेळाने, कुठे उमटली. पॅच टेस्टमध्ये काय आलं, काय आलं नाही. परिरक्षकाची असेल तर त्याचं नाव. आणि कुठली स्टिरॉइडं चालली, हेही. ही शेवटची ओळ लोक विसरतात, पण ॲडमिट करताना तिचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. हा कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि एक प्रत आपल्या दुकानदारालाही द्या. माझ्या गिऱ्हाइकांच्या अशा नोंदी मी वहीत ठेवतो आणि नवी चिठ्ठी आली की आधी ती वही उघडतो.

याची नोंद सरकारकडे करता येते का?

येते, आणि करावी. २०१० पासून भारतात औषधसुरक्षा निरीक्षण कार्यक्रम चालू आहे. त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टर, नर्स, औषधविक्रेता यांच्याप्रमाणे पेशंट स्वतःही कळवू शकतो. तपासणी पूर्ण व्हायची वाट पाहायची गरज नाही, नुसता संशयही कळवता येतो. बाटलीवरचा बॅच नंबर आणि मुदत हाताशी ठेवा. फॉर्म भरायला अडचण असेल तर दुकानात या, आपण दोघे मिळून भरू.